गुडघा सटकतो तेव्हा आत काय होतं? कबड्डी, अस्थिबंध आणि गुडघ्याचं स्थैर्य

सांधेजोड :

"एक्स-रेमध्ये काही नाही, सूजही उतरली, मग पळताना वळलं की गुडघा का सटकतो?" कबड्डी, खो-खो आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा हा ठरलेला प्रश्न. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात आणि सटकणाऱ्या गुडघ्यात हाडं बहुतेक वेळा शाबूतच असतात. म्हणून हा धागा. प्रशिक्षक, फिजिओ, डॉक्टर, ज्यांना भर घालता येईल त्यांनी जरूर घालावी.

आधी रचना. खुब्याच्या सांध्यात खोल खोबण असते, गुडघ्यात तसं काही नाही. मांडीच्या हाडाच्या टोकाचे दोन गोल उंचवटे (लाट्टू) नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेले असतात. आतल्या बाजूचा माथा किंचित खोलगट, बाहेरच्या बाजूचा तर किंचित फुगीर. दोन गाद्या (मेनिस्कस) कडेनं थोडी खोली देतात, तेवढीच. हाडांच्या आकारावर हा सांधा उभा राहू शकत नाही. त्याला जागेवर ठेवतात ते चार मुख्य अस्थिबंध (लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे), सांध्याभोवतीचं आवरण आणि स्नायू.

एसीएल, म्हणजे पुढचा तिरका अस्थिबंध, सांध्याच्या मधोमध असतो. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या लाट्टूच्या आतल्या अंगाला मागून सुरू होतो आणि तिरका खाली-पुढे येऊन नडगीच्या माथ्यावर पुढच्या बाजूला रुततो. लांबी साधारण ३ सेंमी, रुंदी सुमारे १ सेंमी. नडगी पुढे सरकू न देणं आणि ती आतल्या बाजूला वळताना रोखणं हे त्याचं काम. त्यात दोन जुड्या असतात. पुढची-आतली जुडी गुडघा वाकवला की ताणली जाते, मागची-बाहेरची जुडी गुडघा सरळ होताना. त्यामुळे कुठल्याही कोनात एक तरी जुडी ताणलेली असतेच.

पीसीएल, म्हणजे मागचा तिरका अस्थिबंध, एसीएलला छेदून जातो आणि जास्त जाड असतो. तो नडगी मागे जाऊ देत नाही. खाली त्याची जोड नडगीच्या मागच्या अंगाला, सांध्याच्या रेषेपासून सेंटिमीटरभर खाली असते.

एमसीएल आतल्या बाजूचा लांब, चपटा पट्टा, १० ते १२ सेंमीचा. गुडघा आत कोसळण्यापासून हा वाचवतो. त्याचा खोल थर आतल्या गादीला चिकटलेला असतो. एलसीएल बाहेरच्या बाजूची गोल दोरी, ५ ते ७ सेंमी, मांडीच्या हाडापासून पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्यापर्यंत. तो बाहेरच्या गादीला चिकटलेला नसतो, मधून गुडघ्यामागच्या पॉप्लिटिअस स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जाते. बाहेरची गादी आतल्या गादीपेक्षा मोकळी हलते, त्यामागचं एक कारण हेच.

प्रत्येक दिशेला एक मुख्य राखणदार असतो आणि त्याच्या मागे दुसऱ्या फळीचे. १९८० साली बटलर, नॉइज आणि ग्रूड यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर हे मोजलं. नडगी पुढे ओढली की विरोधाचा सुमारे ८५ टक्के भार एकट्या एसीएलवर येतो, मागे ढकलली की सुमारे ९५ टक्के पीसीएलवर. एसीएल तुटल्यावर उरलेल्या सगळ्यांनी मिळून त्याचं काम करायचं म्हणजे काय, ते या आकड्यांतून कळतं.

---

मध्यरेषा :

उत्तम सुरुवात. कबड्डीत हे नेमकं कुठल्या क्षणी घडतं ते लिहितो, कारण प्रशिक्षकांना तो क्षण ओळखता आला पाहिजे.

चढाईपटू गडी टिपून मध्यरेषेकडे वळतो. त्याच वेळी कोपरारक्षक घोटा धरतो. पाय जमिनीला खिळला, वरचं शरीर मात्र फिरतंय. गुडघा जवळजवळ सरळ, फार तर २०-३० अंश वाकलेला. एवढ्यावर तो सुटला तर सुटला. पण तेवढ्यात शेजारची साखळी बाहेरून मांडीवर आदळली की गुडघा आत कोसळतो आणि नडगी वळते. एसीएल आणि एमसीएल दोन्ही एकदम ताणाखाली.

दुसरा प्रकार कोणाचाही धक्का न लागता होतो. बोनस रेषेवर पाय टाकून चढाईपटू झटक्यात मागे फिरतो किंवा पकड चुकवायला उडी मारून एका पायावर उतरतो. उतरताना कंबर मागे, गुडघा ताठ आणि आत झुकलेला. बघणाऱ्यांना वाटतं उगाच पडला.

बचावपटूही सुटत नाहीत. डॅश मारायला धावत जाऊन जो एका पायावर थांबतो त्याचाही गुडघा असाच जातो. आणि मांडी पकडणाऱ्याच्या वाकलेल्या गुडघ्यावर चार-पाच जण कोसळले तर नडगी मागे ढकलली जाते, तिथे पीसीएल.

---

अस्थिमित्र :

मध्यरेषा, क्षण अचूक टिपलात. हँडबॉल आणि बास्केटबॉलमधल्या दुखापतींच्या व्हिडिओंचं विश्लेषण झालं आहे. पाय टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत एसीएल जातो असा त्याचा अंदाज. स्नायूंना दुखापतीची जाणीव होऊन आवळायला याहून जास्त वेळ लागतो. पाय टेकण्याआधीच स्नायू आवळलेले आणि गुडघा योग्य कोनात असला तरच बचाव होतो. सरावात उडीनंतर उतरण्याची पद्धत घोटून घ्यायची ती यासाठी.

सरळ गुडघा धोक्याचा का? मांडीच्या पुढचा स्नायू (क्वाड्रिसेप्स) जोरात आवळला की वाटीखालच्या कंडरेमार्फत नडगी पुढे खेचली जाते. ० ते ३० अंशांत ही ओढ जास्त. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग नडगीला मागे धरू शकतात, पण गुडघा सरळ असताना त्यांची ओढ जवळजवळ हाडाला समांतर असते, त्यामुळे मागे खेचायला त्यांना जोर मिळत नाही. ६० अंशांच्या पुढे तेच स्नायू एसीएलचे खरे मदतनीस होतात. म्हणून 'गुडघे वाकवून उतर' हे सांगणं शंभर टक्के बरोबर आहे.

ताकदीबद्दल : २२ ते ३५ वयाचा एसीएल तुटायला सुमारे २१६० न्यूटन, म्हणजे अंदाजे २२० किलो भार लागतो. साठी ओलांडलेल्यांत हाच आकडा सरासरी ६५८ न्यूटनपर्यंत उतरलेला आढळला (वू आणि सहकारी, १९९१).

---

रानजाई :

शाळेत खेळ शिकवणाऱ्यांच्या दृष्टीनं विचारते. मैदानावर मुलगी पडली, गुडघा धरून बसली. त्या पहिल्या दहा मिनिटांत काय बघायचं आणि काय मुळीच करायचं नाही?

---

सांधेजोड :

रानजाईताई, चार गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा. पुढे डॉक्टरांना त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

'टक्' किंवा 'कट्' असा आवाज आला किंवा जाणवला का? पाय जमिनीवर होता की हवेत, आणि गुडघा कुठल्या बाजूला गेला? उठून खेळता आलं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सूज कधी आली? दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त आहे असं धरा. खेळाडूंत अशा रक्तानं भरलेल्या गुडघ्यांपैकी निम्म्याहून जास्त गुडघ्यांत एसीएल गेलेला निघतो. सूज रात्री किंवा दुसऱ्या दिवशी आली तर गादीची इजा किंवा साधी लचक जास्त संभवते.

मग पाय उंच, घडीच्या फडक्यातून बर्फ १५-२० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज खालून वर, पायाची बोटं निळी-गार पडणार नाहीत इतपत.

काय करायचं नाही : चोळायचं नाही, गरम शेक नाही, 'सांधा बसवायला' पाय ओढायचा नाही. ताज्या रक्तस्रावावर मालिश केली की सूज वाढते. आतला मोडलेला तुकडा किंवा फाटलेली गादी ओढण्यानं सरकली तर दुरुस्त होण्याजोगी इजा हातची जाते.

एक्स-रे कधी? सांध्याच्या बाहेरच्या बाजूला पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दाबून दुखतं, फक्त वाटीवर दाबून दुखतं, गुडघा ९० अंश वाकत नाही, लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं भार देऊन टाकता येत नाहीत, किंवा वय ५५ किंवा त्याहून जास्त. यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे हवा. ओटावा नियम म्हणतात ते हेच.

---

अस्थिमित्र :

यात एक धोक्याची सूचना जोडतो. प्रत्येक खेळशिक्षकाला ती तोंडपाठ हवी.

जबर आघातानंतर गुडघा दोन-तीन दिशांना डगमगत असेल तर सांधा पूर्ण निखळून परत आपोआप बसलेला असू शकतो. बाहेरून फार वाकडा दिसणारही नाही. अशा वेळी गुडघ्यामागची मुख्य धमनी फाटलेली असण्याची शक्यता असते. पावलाच्या वरच्या अंगाला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला मागे नाडी चाचपा, दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. नाडी मंद, पाय गार किंवा फिका, बोटं वर उचलता येत नाहीत, असं काहीही असलं तर त्याच क्षणी रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात. रक्तपुरवठा ६ ते ८ तास बंद राहिला तर पाय गमावण्याचा धोका फार वाढतो. आणि नाडी लागते आहे म्हणून धमनी शाबूत आहे असं होत नाही. तिथे घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर मोजतात. ते ०.९ च्या खाली आलं की धमनीचं सीटी.

बोटं वर उचलता न येणं ही बाहेरच्या बाजूच्या नसेची खूण आहे. ही नस पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून जाते. गुडघ्याच्या बाहेरच्या-मागच्या कोपऱ्यातले अस्थिबंध फाटले की तीही ताणली जाते.

---

चवडा :

एसीएल शाबूत आहे का ते हातानं तपासायची लॅकमन चाचणी नीट कशी करायची ते कोणी सविस्तर लिहील का? नवीन फिजिओंच्या हातून ती बरेचदा चुकते आणि 'निगेटिव्ह' लिहून मोकळे होतात.

---

सांधेजोड :

लिहिते.

रुग्ण उताणा, डोकं उशीवर टेकलेलं. डोकं उचलून बघत राहिला की मांडीमागचे स्नायू नकळत आवळले जातात. गुडघा २० ते ३० अंश वाकवा. मांडी जाड असेल किंवा तुमचा हात लहान असेल तर स्वतःचा गुडघा टेबलावर ठेवून त्यावर रुग्णाची मांडी टेकवा. एक हात वाटीच्या वर, बाहेरून, मांडीचं हाड पक्कं धरून. दुसरा हात नडगीला आतून, चार बोटं पोटरीमागे आणि अंगठा पुढे, वाटीखालच्या उंचवट्यापाशी. पोटरीमागची बोटं आधी चाचपून घ्या : मांडीमागच्या कंडरा सैल लागल्या पाहिजेत. त्या तारेसारख्या ताठ लागल्या तर थांबा, श्वास सोडायला सांगा, परत सुरू करा. मग नडगी झटक्यानं पण हळुवार पुढे ओढा.

दोन गोष्टी टिपायच्या. किती सरकली, आणि कशी थांबली. दुसऱ्या पायापेक्षा ३ ते ५ मिमी जास्त म्हणजे पहिली पायरी, ६ ते १० दुसरी, १० च्या वर तिसरी. पण मिलिमीटरपेक्षा थांबणं जास्त बोलकं. शाबूत अस्थिबंध ठक्कन थांबवतो, तुटलेल्यात शेवट मऊ लागतो. दुखऱ्या पायाआधी बरा पाय तपासायचा, नाहीतर हाताला माप राहत नाही. काही मुलींचे सगळेच सांधे मुळात लवचिक असतात. दोन्ही पायांत सारखंच ५ मिमी असेल तर ती इजा म्हणायची नाही.

कुठे फसगत होते? ताज्या इजेत सूज आणि वेदनेमुळे स्नायू आवळलेले असतात, चाचणी खोटी निगेटिव्ह येते. ७ ते १० दिवसांनी परत करा. फाटलेली गादी मध्ये अडकली असली तरी नडगी पुढे येत नाही. उलट फसगत पीसीएलमध्ये : नडगी आधीच मागे पडलेली असते, तुम्ही ओढता ती फक्त मूळ जागेवर येते, आणि एसीएल तुटला असा शिक्का बसतो. म्हणून आधी दोन्ही गुडघे ९० अंशांत वाकवून, पावलं टेकवून, बाजूनं पाहा. एका बाजूची नडगी खचल्यासारखी दिसली तर पीसीएलचा विचार आधी.

९० अंशांतली ओढचाचणी ताज्या एसीएल इजेत फारशी भरवशाची नाही. आतल्या गादीची मागची कड त्या कोनात पाचरीसारखी अडते.

---

अस्थिमित्र :

+१. बाजूच्या अस्थिबंधांसाठी एकच नियम लक्षात ठेवा : ३० अंशांत आणि पूर्ण सरळ, दोन्ही कोनांत तपासा. ३० अंशांत आत उघडतो पण सरळ केल्यावर घट्ट, तर एमसीएल एकटा गेला आहे. सरळ असतानाही उघडतो तर मागचं आवरण आणि बहुधा मधला एखादा अस्थिबंधही गेला. दोन्ही इजांचं वजन अगदी वेगळं आहे.

एमआरआयबद्दल एक स्पष्ट मत. अहवालात 'अंशतः फाटला' असं असेल आणि हाताला शेवट मऊ लागत असेल, वळवून केलेल्या पिव्हट शिफ्ट चाचणीत गुडघा धडकन उडी मारत असेल, तर तो गुडघा एसीएल नसल्यासारखाच वागणार. निर्णय हातांवर आणि लक्षणांवर घ्यायचा. एमआरआयचा खरा उपयोग गाद्या, कूर्चा आणि हाडातला मुका मार पाहायला. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या लाट्टूवर आणि नडगीच्या माथ्याच्या मागच्या-बाहेरच्या कडेला जोडीनं मार दिसला तर सांधा क्षणभर सटकून परत आला होता असं समजायचं.

---

मध्यरेषा :

एक गोष्ट खेळाडूंना समजावणं जड जातं. एमसीएल गेलेला मुलगा सहा आठवड्यांत पळतो आणि एसीएल गेलेल्याला ऑपरेशन सांगतात. दोन्ही अस्थिबंधच ना?

---

अस्थिमित्र :

फरक जागेचा आणि रक्तपुरवठ्याचा. एमसीएल सांध्याच्या पोकळीबाहेर, मऊ ऊतींच्या कुशीत असतो. फाटला की तिथेच रक्त गोठतं, त्या गाठीतून नवी ऊती तयार होते. एसीएल सांध्याच्या आत, सांध्यातल्या द्रवाच्या संपर्कात येतो. तिथे गाठ टिकत नाही, विरघळते आणि दोन टोकं आखडून लांब जातात. काही एसीएल आपोआप जुळलेलेही एमआरआयमध्ये दिसतात. गुडघा सुरुवातीला ९० अंशांत बांधून ठेवण्याच्या पद्धतीवर अलीकडे ऑस्ट्रेलियातून काम आलं आहे, पण त्यात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका सांभाळावा लागतो आणि अजून ती सगळ्यांसाठी सांगण्याजोगी नाही.

एमसीएल बरा होण्याचं ढोबळ गणित : इजेची पहिली पायरी १-२ आठवडे, दुसरी ३-४, तिसरी बिजागरीच्या ब्रेसमध्ये ६ ते ८ किंवा अधिक. अपवाद नडगीकडच्या टोकाचा. तिथून तुटून टोक वरच्या कंडरांच्या बाहेर उलटलं तर ते परत जागेवर बसत नाही, शिवावं लागतं.

बाहेरचा मागचा कोपरा (एलसीएल, पॉप्लिटिअसची कंडरा आणि त्यांचा छोटा जोडबंध) पूर्ण फाटला तर वाट पाहण्यात नुकसान आहे. २-३ आठवड्यांच्या आत दुरुस्ती सोपी, नंतर सगळं व्रणात मिसळतं. आणि हा कोपरा न ओळखता नुसता एसीएल नवा बसवला की तो नवा एसीएलही ताणून जातो. शस्त्रक्रिया फसण्याच्या कारणांत हे वर आहे.

---

रानजाई :

मग एसीएल तुटला की ऑपरेशन करायलाच हवं का? पालक हेच विचारतात.

---

सांधेजोड :

सरसकट नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय पण व्यावसायिक नसलेल्या रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१० साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना लवकर शस्त्रक्रिया, अर्ध्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या गुणांकात फरक नव्हता. व्यायामाच्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनी दोन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली, पाच वर्षांपर्यंत ३० जणांनी. म्हणजे साधारण निम्म्यांचं तिच्याविना भागलं.

सरळ रेषेत चालणं, सायकल, पोहणं, कार्यालयीन काम एवढंच असेल आणि गुडघा सटकत नसेल तर ३ महिने नेटानं व्यायाम करून मग ठरवा. कबड्डी, खो-खो, फुटबॉलमध्ये परत उतरायचं असेल, रोजच्या चालण्यात गुडघा सटकत असेल किंवा शिवता येण्याजोगी गादी फाटली असेल, तर शस्त्रक्रियेकडे पारडं झुकतं. प्रत्येक वेळी सटकताना आतली गादी चिरडली जाऊ शकते. त्यामुळे शस्त्रक्रियाही नाही, व्यायामही नाही, आणि निकॅप चढवून खेळणं चालूच, हा मार्ग सगळ्यात वाईट.

निकॅपबद्दल : कापडी निकॅप त्वचेला स्पर्शाची जाणीव देतो, ऊब देतो, आत्मविश्वास देतो. नडगीला पुढे जाण्यापासून तो रोखू शकत नाही.

---

अस्थिमित्र :

आणि गुडघा अडकला असेल, म्हणजे शेवटचे १०-२० अंश सरळच होत नसेल, तर तीन महिने थांबायचं नाही. गादीची मोठी फाटलेली कड मध्ये उलटलेली असू शकते. ती जितक्या लवकर जागेवर आणून शिवली तितकी वाचते.

वाढीच्या वयातल्या मुलांत हाडांच्या टोकाशी वाढपट्ट्या उघड्या असतात. त्यांना धक्का न लावता किंवा कमीत कमी छेदून शस्त्रक्रिया करता येते. 'मोठा झाल्यावर करू' म्हणत सटकता गुडघा वर्षानुवर्षं ठेवला तर गाद्या जातात.

शस्त्रक्रियेत तुटलेल्या एसीएलच्या जागी शरीरातलीच दुसरी कंडरा बसवतात. कुठली कंडरा वापरायची? हॅमस्ट्रिंगच्या दोन कंडरा, वाटीखालचा हाडासकट पट्टा, वाटीवरचा पट्टा, आणि आपल्याकडे बरेच सर्जन घोट्यापाशी जाणारी पेरोनियस लाँगसही वापरतात. कबड्डीपटूच्या बाबतीत मी दोन गोष्टी मांडेन. वाटीखालचा पट्टा काढला की गुडघे टेकताना दुखू शकतं, आणि कबड्डीत गुडघे सतत टेकतात. हॅमस्ट्रिंग काढले तर एसीएलचा मदतनीसच काही काळ अशक्त होतो, शिवाय तयार दोरी ८ मिमीपेक्षा बारीक निघाली तर तुटण्याचं प्रमाण वाढतं. २५ च्या आतल्या, वळणाचे खेळ खेळणाऱ्या ६१८ रुग्णांवर झालेल्या २०२० च्या चाचणीत हॅमस्ट्रिंगच्या दोरीबरोबर मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याचा आधार जोडला तेव्हा दोन वर्षांत पुन्हा तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. तरुण खेळाडूनं सर्जनला हे जरूर विचारावं.

---

चवडा :

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांवर लिहा. घरी सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

---

सांधेजोड :

अगदी. घरोघरची चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. बरं वाटतं, म्हणून नातेवाईक प्रेमानं ठेवतात. गुडघा १५-२० अंशांत वाकलेला राहतो, मागचं आवरण आखडतं आणि तो शेवटचा कोन महिनोन्महिने परत मिळत नाही. उशी टाचेखाली ठेवायची, गुडघ्यामागे पोकळी सोडायची, म्हणजे वजनानंच गुडघा सरळ होतो. १० मिनिटं, दिवसातून ५-६ वेळा. उशी काढल्यावर गुडघ्याचा मागचा भाग अंथरुणाला टेकला पाहिजे, दुसऱ्या पायाइतकाच.

हा शेवटचा कोन एवढा महत्त्वाचा का? सरळ होताना शेवटच्या २० अंशांत नडगी किंचित बाहेर वळते आणि सांधा कुलूपबंद होतो. तेव्हा उभं राहायला क्वाड्रिसेप्सना कमी श्रम पडतात. हे कुलूप लागलं नाही की माणूस सतत वाकलेल्या गुडघ्यावर चालतो, वाटी दुखते, लंगडेपण मुरतं.

दुसरं काम क्वाड्रिसेप्स जागं करणं. सांध्यात २०-३० मिली द्रव साठला तरी मेंदूकडून वाटीजवळच्या आतल्या स्नायूला मिळणारा इशारा दबतो. रुग्ण म्हणतो जोर लागत नाही, तो आळस नसतो. टाचेखाली उशी तशीच ठेवून वाटी मांडीकडे खेचायची, ५ सेकंद धरायची, १० वेळा, दर तासाला. हातानं चाचपून स्नायू कडक होतोय का पाहायचं. मग सरळ पाय उचलणं. उचलताना गुडघा थोडाही वाकला तर तो उचललेला धरायचा नाही, परत आधीचाच व्यायाम. कुबड्या केव्हा सोडायच्या? लंगड न दाखवता चालता आलं आणि पाय न वाकता उचलता आला की. तारीख बघून सोडू नका.

दोन आठवड्यांत ० ते ९० अंश मिळाले तर उत्तम. गादी शिवली असेल तर भार आणि वाकवण्याच्या मर्यादा सर्जन वेगळ्या सांगतील, त्या पाळा. मांडी घालून बसणं, वज्रासन, भारतीय शौचालय : साधारण ४ ते ६ महिने थांबा. तोवर कमोडची खुर्ची.

हे सगळं पीसीएलला लावू नका. तिथे गुरुत्वाकर्षणच शत्रू. उताणं झोपून गुडघा वाकवला की नडगी मागे पडते. म्हणून वाकवण्याचा व्यायाम पालथं झोपून, पोटरीमागे आधार देऊन करायचा, आणि हॅमस्ट्रिंगचे वजनाचे व्यायाम तीन-चार महिने टाळायचे.

---

मध्यरेषा :

सहा महिन्यांत मुलगा पळतो, उड्या मारतो, दुखत नाही. संघ व्यवस्थापन म्हणतं उतरवा. त्यांना कसं थांबवायचं?

---

अस्थिमित्र :

त्यांना जीवशास्त्र सांगा. बसवलेली कंडरा आधी रक्तपुरवठ्याविना राहते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू विरघळून नवे बनतात. साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या सुमारास ती सगळ्यात कमकुवत असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. पुढचं घट्ट होणं वर्षाहून जास्त चालतं.

आणि हा आकडा दाखवा. नॉर्वेतल्या अभ्यासात (२०१६) ९ महिन्यांपर्यंत खेळ जितका महिनाभर लांबवला तितकी पुन्हा इजा होण्याची शक्यता दर महिन्याला सुमारे निम्मी होत गेली. २५ च्या आतल्या, खेळात परतलेल्या खेळाडूंत दोन्हीपैकी एका गुडघ्याचा एसीएल पुन्हा जाण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्के आढळलं आहे. चारातला जवळजवळ एक.

---

सांधेजोड :

९ महिने ही किमान अट, पुरेशी नाही. खाली मैदानावर करता येईल अशी परीक्षा देते. लागतं काय? मोजपट्टी, चुन्याची रेघ, घड्याळ आणि समोरून-बाजूनं व्हिडिओ घेणारे दोन मोबाइल.

१० मिनिटं अंग गरम करून एका पायावर लांब उडी, त्याच पायावर उतरून २ सेकंद स्थिर. डळमळला तर उडी बाद. तीनदा, सर्वांत लांब धरायची. मग सलग तीन उड्या. मग १५ सेंमी रुंद पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे नागमोडी तीन उड्या. शेवटी ६ मीटर अंतर एका पायावर वेळ लावून. आधी बरा पाय. पहिल्या तिन्हींत दुखऱ्या पायाचं अंतर बऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवं. बरा पाय १६० सेंमी गेला तर दुखरा १४४ च्या खाली चालणार नाही. वेळेच्या उडीत भागाकार उलटा करायचा, बऱ्या पायाचा वेळ वर.

फसगत इथेही आहे. नऊ महिन्यांत बरा पायही अशक्त झालेला असतो, त्यामुळे टक्केवारी खोटी चांगली दिसते. दुखापतीआधीची मापं असतील तर त्यांच्याशी ताडा. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला सगळ्या संघाची मापं घेऊन ठेवावीत. आणि उडीचं अंतर खुबा-घोटा वापरूनही गाठता येतं, क्वाड्रिसेप्स लपून राहतो. त्याची ताकद यंत्रावर वेगळी मोजाच, तीही ९० टक्के.

व्हिडिओत उतरताना थांबवून पाहा. वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे की अंगठ्याच्याही आत गेली? आत गेली तर अंतर कितीही असो, नापास.

---

रानजाई :

आणि इजा होऊच नये म्हणून? मुलींत प्रमाण जास्त असतं ना?

---

मध्यरेषा :

हो, सारख्याच खेळात मुलींत अनेक पटींनी जास्त, २ ते ८ पट असे आकडे येतात. फिफानं तयार केलेला '११+' हा २० मिनिटांचा सरावाआधीचा कार्यक्रम कबड्डीला सहज जुळवता येतो : हलकं धावणं आणि वळणं, मग फळी (प्लँक), एका पायावरचा तोल, नॉर्डिक, बैठका, उडीनंतर उतरणं, शेवटी वेगातली वळणं. आठवड्यातून निदान दोनदा, मोसमभर. मोसमाच्या तोंडावर पंधरा दिवस करून सोडला तर उपयोग नाही.

नॉर्डिक असा : गुडघे मऊ मॅटवर, जोडीदार घोटे पक्के धरतो, पाठ-कंबर एका रेषेत ठेवून सावकाश पुढे झुकायचं, धरवेना की हातांवर पडायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळा, हळूहळू १२-१५. पहिल्या आठवड्यात मांडीमागे फार दुखतं, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी सुरू करू नका.

कबड्डीसाठी वेगळा एक सराव मी सुचवेन. घोटा धरला गेल्यावर काय करायचं, हे मुलांना शिकवलेलंच नसतं. धरलेला पाय खिळवून अंग फिरवण्याऐवजी दोन्ही गुडघे वाकवून, कंबर खाली नेऊन, धरलेल्या पायाच्या दिशेनंच अंग ठेवून मध्यरेषेकडे हात ताणायचा. आधी अर्ध्या वेगानं, एकाच पकड करणाऱ्यासोबत, मग साखळीसह.

आणि बूट. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो, ताण सुटतो. मॅटवर नव्या, चिकट तळव्याच्या बुटानं पाय चिकटून बसतो. नॉर्वेच्या हँडबॉलमध्ये जास्त घर्षणाच्या कृत्रिम फरशीवर मुलींच्या एसीएल इजा जास्त आढळल्या होत्या. मातीवर सराव करून थेट मॅटवरच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघांनी आधी निदान काही सत्रं मॅटवर, त्याच बुटांत, वळणांचा वेग हळूहळू वाढवत करावीत. मॅटच्या जोडावरच्या फटी रोज तपासा. अंगठा त्यात अडकला की पाय खिळतो आणि बाकीचं शरीर पुढे जातं.

---

चवडा :

मॅटच्या फटींसाठी : तुकडे बसवल्यावर जोडावरून अनवाणी तळवा घासत चाला, डोळ्यांना न दिसणारी उंच-सखल कड पायाला लागते. उन्हात ठेवलेले तुकडे फुगतात, सावलीत तासभर ठेवून मग जोडा.